इंजिन बदललेली जीप घाटात तापते? नवा रेडिएटर घेण्याआधी हे बघा

सपाटीला गाडी ठणठणीत असते. देवगडहून नांदगाव तिठ्यापर्यंत काटा मध्यावरून हलत नाही. फोंडा मागे पडतं, घाट लागतो, गिअर दुसऱ्यावर येतो आणि चार-पाच वळणांत काटा लालकडे सरकायला लागतो. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडावं तर रेडिएटरच्या तोंडाशी फुसफुस आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून हिरवं पाणी डांबरावर. अर्धा तास थांबायचं, बाटलीतलं पाणी ओतायचं, निघायचं, आणि पुढच्या चढाला परत तेच.

इंजिन बदललेल्या फोर बाय फोरमध्ये हा आजार मी इतक्या वेळा काढलाय की गाडी दारात येण्याआधी फोनवरच काही प्रश्न विचारून घेतो. तुम्हीही आधी त्यांची उत्तरं लिहून काढा. पुढची तपासणी त्यांच्यावर ठरते.

गाडी तापते कुठे? फक्त चढावर, कमी वेगात, लो गिअरमध्ये तापत असेल तर संशय वाऱ्यावर घ्यायचा, म्हणजे फॅन, काउल (फॅनभोवतीचं कडं), रेडिएटरच्या जाळीतली माती. घाटात बरी चालते पण हायवेला ऐंशीच्या पुढे तापते, असं असेल तर संशय पाण्याच्या फिरण्यावर. दोन्हीकडे तापत असेल तर पाण्यात हवा अडकलीय, किंवा दुखणं इंजिनाच्या पोटात आहे.

काटा चढतो कसा? हळूहळू चढला तर उष्णता खरी आहे. एकदम वर उडाला, एकदम खाली पडला, पुन्हा उडाला, तर हवेचा बुडबुडा किंवा वायरिंग.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पाणी कमी होतं का? बाहेर कुठे ओल नसताना? चढावर मागून काळा धूर येतो का? आणि शेवटचं: इंजिन बदलल्या दिवसापासून तापते, की वर्षभर बरी चालून मग तापायला लागली? पहिल्या दिवसापासून तापत असेल तर बसवण्यात चूक आहे. नंतर सुरू झालं असेल तर काहीतरी झिजलंय, गळतंय किंवा तुंबलंय.

चूक बहुतेक वेळा कुठे असते

इंजिन बदलताना सगळ्यांचं लक्ष गिअरबॉक्स जुळण्याकडे असतं. अडॅप्टर प्लेट, क्लच, इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशन, पुढच्या शाफ्टला सायलेन्सर घासतो का, ह्या गोष्टी माणूस जीव ओतून करतो, कारण त्या चुकल्या तर गाडी गॅरेजमधून बाहेरच पडत नाही. पाण्याचं काम मात्र शेवटच्या दिवशी उरकलं जातं. इंजिन एका गाडीचं, रेडिएटर दुसरीचा, फॅन तिसरीचा, डॅशवरचा काटा चौथीचा. सुटा घेतला तर प्रत्येक भाग चांगला असतो. ते एकमेकांशी जिथे जोडलेत तिथे गडबड असते, आणि म्हणूनच भाग बदलत राहून ती सुटत नाही. मालक आधी मोठा रेडिएटर घेतो, मग त्याहून मोठा. पैसे जातात आणि गाडी त्याच वळणावर तापते.

खालचा क्रम मी फुकटच्या कामापासून खर्चाच्या कामाकडे लावलाय. मधलं काही गाळू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही दाबामुळे उकळत नसतं. झाकण सुटलं की त्याच क्षणी ते उकळून वाफेसकट तोंडावर येतं. अशी भाजलेली माणसं मी पाहिलीयत. वरच्या होज पाइपला हात लावून तो सहज धरता आला आणि दाबून मऊ लागला, तरच जाड फडकं घेऊन झाकणाला हात घाला.

काटा खरं बोलतो का?

इंजिनातला सेन्सर एका कंपनीचा आणि डॅशवरचा काटा दुसरीचा असेल तर आकडा जुळेलच असं नाही. सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारा तुकडा. काटा त्या रोधावरून हलतो, आणि प्रत्येक जोडीचं गणित वेगळं असतं. पाणी ८५ अंशांवर असताना पाऊण चढलेला काटा मी पाहिलाय. पाणी उकळत असताना मध्यावर निवांत बसलेला काटाही पाहिलाय, आणि दुसरा प्रकार जास्त घातक.

इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा. काटा त्याच क्षणी हलला तर तो तापमानाने हललेला नाही, लोखंडाचं एवढं मोठं धूड एका सेकंदात तापत नाही. अर्थिंग कच्चं आहे. नवं इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, रबर वीज नेत नाही, आणि इंजिन ते चॅसी अशी जाड अर्थिंगची पट्टी लावायची राहून जाते. आपल्याकडे खाऱ्या हवेत लावलेली पट्टीसुद्धा दोन पावसाळ्यांत हिरवी पडते. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून लोखंड चमकू द्या, पट्टी आवळा, वरून ग्रीस चोपडा.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. बंदुकीसारखा दिसणारा हा प्रकार आता स्वस्तात मिळतो. चकचकीत अॅल्युमिनियमवर धरलात तर तो आकडा कमी दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) कोपरावर, म्हणजे त्यावरच्या वाकड्या तोंडावर, काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. काटा काय म्हणतो आणि टेपवर काय दिसतं, दोन्ही लिहून ठेवा. फरक मोठा असेल तर इंजिनाच्या सेन्सरला जुळणारा काटा बसवा, मगच पुढे चला. खोट्या काट्यावर विसंबून केलेली कोणतीही दुरुस्ती अंधारातली.

झाकण, पाणी, बेल्ट

ह्याला फार वेळ लागत नाही. गार इंजिनावर झाकण काढा, त्याचं रबर बघा. कडक झालेलं, चिरलेलं असेल तर बदला. झाकणावर दाबाचा आकडा असतो, ०.९ बार असेल तर ०.९ चंच घ्या. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग मेलेली असेल तर ते शंभरालाच उकळणार आणि घाटात नेमके तेच अठरा अंश लागतात. जास्त दाबाचं झाकण लावून प्रश्न सुटत नाही, होज फुटतो.

बेल्ट ढिला असेल तर आवळा, त्यावर तेल असेल तर बदला. क्लिपांपाशी पांढरे-हिरवे डाग दिसले तर तिथून गळतंय. गरम असताना थेंब दिसत नाही, वाफ होऊन जाते. डाग मात्र राहतो.

विहिरीचं पाणी घालू नका. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि ते मीठ रेडिएटरला आतून खातं, अॅल्युमिनियमच्या हेडला तर आणखी लवकर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. अडीअडचणीला साधं पाणी घातलं असेल तर घरी पोचल्यावर काढून टाका.

जाळीतली माती

आपली तांबडी माती आणि चिरेखाणीवरचा धुरळा पावसात जाळीत बसतो आणि ऑक्टोबरात वाळून विटेसारखा घट्ट होतो. पुढून बघाल तर जाळी स्वच्छ दिसते. मागच्या बाजूने हँडलॅम्प धरा आणि पुढून बघा. उजेड जिथे दिसत नाही तिथून वाराही जात नाही. एसीचा कंडेन्सर किंवा टर्बोचा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावलेला असेल तर कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत साठतो, तो सोडवून वेगळा केल्याशिवाय दिसतच नाही.

पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे माती आली त्या वाटेने बाहेर पडते. प्रेशर वॉशर जवळ धरू नका, नळ्यांमधले पातळ पत्र्याचे पंख दुमडतात आणि एकदा दुमडलेली जाळी बंद झाल्यातच जमा. समुद्रालगत चालणाऱ्या गाडीचे पंख बोट लावताच भुग्यासारखे गळत असतील तर मात्र तो रेडिएटर संपलाय. नळ्या शाबूत असल्या तरी उष्णता हवेत सोडायचं काम पंखच करतात.

कागद आणि उदबत्ती

ही तपासणी मी सगळ्यात जास्त मानतो.

घाटात दुसऱ्या गिअरवर, किंवा बागेच्या वाटेला लोमध्ये, इंजिन जोरात फिरत असतं आणि गाडी माणसाच्या चालीने जात असते. समोरून आपोआप येणारा वारा जवळजवळ शून्य. सगळा भार फॅनवर. हायवेला हीच गाडी वाऱ्यावर तरून जाते, म्हणून दोष झाकला जातो.

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. वहीचा एक कागद पुढच्या जाळीवर धरून सोडा. तो चिकटून राहिला पाहिजे. मधोमध, चारही कोपऱ्यांत, सगळीकडे करून बघा. एका जीपमध्ये मधे कागद चिकटायचा आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत सुटून पायाशी पडायचा. मग उदबत्ती लावून रेडिएटरच्या कडेकडेने फिरवली. वरच्या कडेला धूर जाळीत जायच्या ऐवजी उलटा, इंजिनाकडून पुढे येत होता. फॅन गरम हवा ओढून रेडिएटरच्या वरच्या फटीतून पुढे ढकलत होता आणि तीच परत जाळीतून आत घेत होता. रेडिएटर आणि पुढच्या पत्र्यामध्ये दोन बोटांची फट होती. मूळ गाडीत तिथे रबराची पट्टी असते, इंजिन उतरवताना ती निघाली आणि कुणी परत लावली नाही. दाराला लावतात तसली फोमची पट्टी आणि एक पत्र्याचा तुकडा लावला. त्या गाडीला एवढंच पुरलं.

काउल, म्हणजे फॅनभोवतीचं पत्र्याचं किंवा फायबरचं कडं, इंजिन बदलताना बहुधा फेकून दिलं जातं, कारण फॅन जुन्या जागी येत नाही. काउल नसला की फॅन समोरची हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच ढवळत बसतो. पत्रेवाल्याकडून नवा करून घ्या. फॅनची पाती साधारण अर्धी काउलच्या आत, अर्धी बाहेर. पात्याच्या टोकापासून कड्यापर्यंत अंगठ्याएवढी जागा ठेवा, त्याहून कमी नको, कारण खडबडीत वाटेला इंजिन फाउंडेशनवर हलतं. काउलने रेडिएटरची पूर्ण जाळी झाकली पाहिजे. नुसती फॅनपुरती गोल चकती काही कामाची नाही.

इंजिन लांब असल्यामुळे फॅन काढून विजेचा लावला असेल तर तीन गोष्टी बघा. कागद चिकटायच्या ऐवजी उडून जातो का? तसं असेल तर दोन वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन उलटा फिरतोय. ह्या एका चुकीवर लोकांनी नवे रेडिएटर घेतलेत. फॅनच्या टर्मिनलवर मीटर लावा. बॅटरीपेक्षा एक-दीड व्होल्ट कमी मिळत असेल तर वायर बारीक आहे. रिले आणि जाड वायर टाका. आणि कारचा छोटा फॅन जीपच्या डिझेलला पुरत नाही, हे मान्य करा.

इंजिनावरचा फॅन असेल तर पुलीही बघा. क्रँकची पुली लहान लावली गेली असेल तर फॅन आणि वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, दोन्ही हळू फिरतात. वॉटर बॉडीच्या पुलीवर खडूने खूण करून इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवा आणि ती पुली किती फिरली ते बघा. मूळ गाडीत दोन्ही पुल्या किती मापाच्या होत्या ते विचारून ताडा.

पावसाळ्यातली एक सूचना. पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, गाडी घालताना पाणी फॅनला लागलं तर पाती पुढे वाकून जाळीला भोक पाडतात. इंजिन पुढे सरकवून बसवलं असेल तर हे अंतर आधीच कमी झालेलं असतं, तेवढं मोजून ठेवा.

अडकलेली हवा

जामसंड्याकडच्या एका बागायतदार काकांची एमएम ५४०, महिंद्राची जुनी जीप. मूळ २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन काढून तिच्यात २५२३ सीसीचं टर्बो डीआय बसवलेलं. ऐन हंगामात, मागे आंब्याच्या पेट्या, आणि दर फेरीला घाटात थांबणं. काम कुठल्या तरी शहरातल्या गॅरेजमध्ये झालेलं, आणि तिथून ह्यांना एकामागून एक तीन रेडिएटर विकलेले. माझ्याकडे आले तेव्हा टेकीला आले होते. “मेस्त्रीनू, आता चौथो घालू की गाडी इकू?”

काटा उड्या मारत होता. फॅन चांगला, काउल चांगला, कागद चारी कोपऱ्यांत चिकटला. शेजारी कंपाउंडचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून त्याचा लेव्हल पाइप मागून आणला. चिऱ्याची भिंत लावताना दोन टोकांची पातळी जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच. एक टोक रेडिएटरच्या तोंडाशी, दुसरं इंजिनावरच्या थर्मोस्टॅटच्या कोपराशी धरलं. इंजिनाचा कोपर रेडिएटरच्या तोंडापेक्षा चार बोटं उंच होता. काकांना दाखवलं, त्यांनी स्वतः नळी धरून परत बघितलं.

ह्याचा अर्थ असा की रेडिएटर काठोकाठ भरला तरी इंजिनाचा माथा कोरडा राहतो. तिथे हवा बसते. घाटात त्या जागेत वाफ धरते, वाफ फुगून पाणी बाहेर ढकलते, पाणी कमी झालं की आणखी वाफ. सेन्सर नेमका त्याच कोपरात, म्हणून तो कधी पाण्यात तर कधी हवेत, आणि काट्याच्या उड्या. रेडिएटर कितीही मोठा घ्या, पाणी उंचवट्यावर आपण होऊन चढत नाही.

तुमच्या गाडीत हा फरक थोडा असेल तर आधी फुकटचा उपाय करा. गाडी चढावर, तोंड वर करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच होईल. हँडब्रेक लावा, चाकांना दगड. इंजिन गार असताना झाकण उघडं ठेवून कूलंट हळूहळू ओता, मग इंजिन चालू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. वरचा होज मधूनमधून दाबत राहा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तेवढं ओतत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. थर्मोस्टॅटला बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते, ती बाजू वर आली पाहिजे. हवा तिथूनच निसटते.

फरक जास्त असेल तर कायमचा उपाय लागतो. बॉनेटखाली सगळ्यात उंच जागी, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), दाब धरणारी टाकी बसवायची. झाकण त्या टाकीवर येतं, रेडिएटरचं तोंड बंद करायचं. इंजिनाच्या सर्वांत उंच जागेतून आणि रेडिएटरच्या वरच्या भागातून एकेक बारीक नळी टाकीत वरच्या बाजूला, आणि टाकीच्या तळातून जाड नळी वॉटर बॉडीच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे खालच्या होजमध्ये. हवा बारीक नळ्यांनी वर जाते, पाणी जाड नळीने खाली येतं. काकांच्या गाडीला हेच केलं. रेडिएटर तोच ठेवला, तिसरा.

थर्मोस्टॅट आणि खालचा होज

“गाडी तापते ना, थर्मोस्टॅटच काढून टाक” हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. घेऊ नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं, आणि गाडी आणखी तापते. काढून तपासा. भांड्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगा, शेगडीवर ठेवा, सोबत थर्मामीटर. अंगावर ८२ लिहिलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

हीटरच्या नळ्यांचंही असंच. कोकणात हीटर कुणाला लागत नाही, म्हणून इंजिनावरची ती दोन तोंडं बूच मारून बंद करतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला गरम पाणी त्याच वाटेने पोचतं. बूच मारण्यापेक्षा दोन्ही तोंडं एका होजने एकमेकांना जोडा.

हायवेला तापणाऱ्या गाडीत खालचा होज बघा. एकाला ॲक्सिलरेटर देऊन इंजिन अडीच हजारांवर धरायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा, हात फॅनपासून लांब. वॉटर बॉडीच्या ओढीने होज चपटा होत असेल तर पाणी तिथेच अडतंय. वेगवेगळ्या गाड्यांचे दोन तुकडे जोडून केलेला होज असला की हे हमखास होतं. आत स्प्रिंग असलेला, एकसंध, योग्य वळणाचा होज शोधा.

गाडी उगाच ओढते का?

जुन्या पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मधे डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरी घाटात वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि तो फरक टायर घासून, सांधे पिळून भरला जातो. म्हणजे इंजिनावर फुकटचा बोजा. डांबरावर टू व्हीलमध्येच चालवा, आणि लिव्हर टूमध्ये टाकल्यावर पुढचा शाफ्ट खरंच सुटतो का ते जॅकवर चाक उचलून बघा. इंजिन बदलताना लिव्हरची लिंक हलते आणि पुढचा शाफ्ट अर्धवट अडकून राहतो. दहा किलोमीटर चालवून चारही ब्रेक ड्रमवर थर्मामीटर धरा, एखादा फार गरम असेल तर ब्रेक धरलाय.

आता रेडिएटर

इथपर्यंत सगळं नीट निघालं, तरच रेडिएटरच्या मापाचा विचार करा. डिझेलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक हिस्सा चाकाला जातो, एक सायलेन्सरमधून, आणि जवळपास तेवढाच पाण्यात. एक्सडीपी ६२ अश्वशक्तीचं होतं. थारमध्ये २०१० साली आलेलं २४९८ सीसीचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन १०५ चं. ते जुन्या जीपमध्ये घालून पूर्ण ताकद घाटात वापरलीत तर रेडिएटरला दीडपटीहून जास्त उष्णता झेलायची आहे. तिथे मोठा रेडिएटर घेणं योग्यच. मापाचा सोपा नियम: इंजिन ज्या गाडीतून आलं तिच्या रेडिएटरची जाळी मोजा, त्याहून लहान नको. जुना तांब्या-पितळेचा असेल तर आधी टाकी उघडून नळ्यांत सळी मारून घ्या. अर्ध्या नळ्या गाळाने बंद निघाल्या तर नवा लागणारच नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

गार इंजिन सुरू केल्याबरोबर, मिनिटाच्या आत, वरचा होज दगडासारखा टणक होत असेल, हवा काढून झाल्यावरही रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ झालं असेल किंवा पाणी कुठेच न गळता कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेलंय किंवा हेडला चीर आहे. निळ्या द्रवाची टेस्ट मिळते, जळलेला वायू पाण्यात आला की द्रवाचा रंग बदलतो. ती करून घ्या, पण हेड स्वतः उचलू नका. ते सपाट आहे का हे बघणं, घासणं, ठरलेल्या ताकदीने आणि क्रमाने बोल्ट आवळणं हे मशीन शॉपचं काम.

चढावर काळा धूर आणि तापणं एकत्र असेल तर डिझेलचा पंप वाढवलेला असेल किंवा टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, चुकलंय. पंपाचा स्क्रू घरी फिरवू नका, ते पंपवाल्याच्या टेबलावर ठरतं. कॉमन रेल इंजिन असेल तर डिझेलच्या पाइपांना हातच लावू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक धार कातडी फोडून आत शिरते. रेडिएटर खाली घ्यायला चॅसी कापावी किंवा वेल्ड करावी लागणार असेल तरीही थांबा. स्टिअरिंगचा बॉक्स आणि स्प्रिंगांच्या जागा तिथेच असतात.

गाडी तापून स्वतःहून बंद पडली असेल किंवा ठोका येत असेल तर परत स्टार्ट मारू नका. टो करून आणा.

कागदांचंही बघून घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतल्या अशा बदलांवर बंधनं आहेत आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेलं व गाडीत असलेलं जुळावं लागतं. एमएच ०७ असो की एमएच ०८, काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर नाही. अपघात झाला की विमा कंपनी इंजिन नंबर बघतेच.

घाटात तापलीच तर

पाणी बाहेर पडलेलं नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका. सुरक्षित जागी घ्या, एसी आणि दिवे बंद, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर किंचित देऊन दोन-तीन मिनिटं फिरू द्या, म्हणजे पाणी आणि टर्बोचं ऑइल फिरत राहतं. काटा उतरायला लागला तर ठीक. वाफ निघत असेल किंवा पाणी सांडून गेलं असेल तर ताबडतोब बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबा. ओढ्याचं गार पाणी तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये ओतू नका, हेड तडकतं. थांबा, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून दाब सोडा, मग इंजिन चालू करून थोडं थोडं पाणी घाला.

दुरुस्ती झाल्यावर लगेच पेट्या भरू नका. तीन दिवस रिकामी गाडी चढावर चालवा आणि रोज सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून बघा. हवेचे शेवटचे बुडबुडे निघताना पहिल्या दिवशी पातळी थोडी उतरते, तेवढं भरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरली नाही पाहिजे. उतरली तर लेव्हल पाइप घेऊन परत माथ्यापासून सुरू करा.